खानापूरच्या घाटपट्ट्यात संरक्षक भिंत बांधताना आधी पाण्याचा हिशोब

बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात डोंगर कापून रस्ता काढला किंवा घर बांधले की मागे संरक्षक भिंत आलीच. ती ढासळते तेव्हा दोष मातीला दिला जातो. पण बहुतेक वेळा भिंत ढकलते ते मागे तुंबलेले पाणी. चार मीटर उंच भिंतीमागे चांगला कोरडा मुरूम असेल, तर धावत्या मीटरला सुमारे ४८ किलोन्यूटन (साधारण पाच टन वजनाइतका) रेटा येतो. त्याच भरावात माथ्यापर्यंत पाणी साचले, तर हा रेटा शंभरीपार जातो.

म्हणून प्रथम खड्डे घेऊन थर पाहावेत. वर जांभ्याचा कठीण थर दिसला, तरी त्याखालची पांढरट-गुलाबी चिकण माती भिजल्यावर लोण्यासारखी मऊ पडते. तिची ताकद भिजवलेल्या नमुन्यावरच तपासून घ्यावी. उताराच्या मोजणीसाठी ड्रोन उपयोगी पडतो. मात्र दाट झाडीखालची जमीन छायाचित्रात येत नसल्याने तेथे लायडार (लेझर किरणांनी केलेली मोजणी) किंवा टोटल स्टेशन (जमिनीवरून कोन-अंतर मोजणारे यंत्र) वापरावे.

ही माहिती उतार-स्थैर्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून गणित दोनदा करावे, एकदा कोरड्या उतारासाठी आणि एकदा भर पावसातील भूजल पातळी धरून. घसरण्याचे संभाव्य वर्तुळ, म्हणजे माती ज्या गोलाकार रेषेवरून सरकू शकते ती रेषा, भिंतीच्या पायाखालून जात असेल, तर भिंत जाड करून काहीही साधत नाही; उतार कमी करावा किंवा सॉइल नेलिंगचा, म्हणजे उतारात पोलादी सळ्या रोवून माती बांधून ठेवण्याचा, विचार करावा. पडद्यावरच्या रंगीत आकृतीपेक्षा तिच्यात कोणते आकडे भरले, हे अभियंत्याला विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

जिओग्रिडची (भरावात थराथराने अंथरायच्या मजबूत जाळीची) भिंत करायची असल्यास जाळीची लांबी उंचीच्या किमान ०.७ पट, म्हणजे चार मीटरला २.८ मीटर ठेवावी. एकाच दिशेने ताण घेणाऱ्या जाळीचा रोल सोयीसाठी भिंतीला समांतर उलगडला जातो. हे चुकीचे आहे, कारण तिची ताकदीची बाजू भिंतीला काटकोनात, डोंगराच्या आत गेली पाहिजे. भरावात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांहून अधिक नसावेत. त्यामुळे खोदाईतून निघालेली लाल माती, फुकट असली तरी, मागे टाकू नये. भिंतीलगत खडीचा उभा थर, खडी आणि भराव यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड) आणि तळाशी छिद्रांचा पाइप द्यावा. दोन मीटरच्या आतील भिंतीला एवढा खटाटोप सहसा लागत नाही. नीट रचलेला दगडी गडगा किंवा जाळीतल्या दगडांचा गॅबियन पाणी आपोआप सोडतो.

भराव आणि माथ्यावरची चर मृगापूर्वी पूर्ण व्हावी. मोठ्या भिंतीत पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर बसवावा, आणि घाटात मोबाइलची रेंज बेभरवशाची असल्याने नोंदी स्वतःकडे साठवणारा लॉगर घ्यावा. दोन-तीन दिवस संततधार लागली, पिझोमीटरचा आकडा चढत असेल आणि तरीही भिंतीची पाणी बाहेर सोडणारी भोके कोरडी असतील, तर निचरा तुंबला आहे असे समजून भिंतीखालची वर्दळ तत्काळ थांबवावी आणि पाइप धुऊन घ्यावा.