तीस सेकंदांची नक्कल: इंग्रजी बोलणे सुधारताना आलेला अनुभव

कळव्यात मराठी माध्यमातून शिकून, बी.एस्सी. झाल्यावर मी ऐरोलीतील एका कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात रुजू झाले, तेव्हा माझे इंग्रजी कच्चे नव्हते. व्याकरणाच्या चुका क्वचित होत आणि ई-मेल मी न अडखळता लिहीत असे. तरीही पहिल्याच महिन्यात एका ब्रिटिश ग्राहकाने वस्तू पोहोचायला किती दिवस लागतील असे विचारले, मी 'थर्टीन' एवढेच उत्तर दिले, त्याने ते 'थर्टी' असे ऐकले आणि महिनाभर थांबणे शक्य नसल्याचे सांगून ऑर्डर रद्द केली. आमच्या टीम लीडर मॅडमनी मला शेजारी बसवून ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकवले. "शब्द बरोबर आहे गं तुझा," त्या म्हणाल्या, "पण जोर तू 'थर्'वर दिलास आणि 'टीन' गिळून टाकलंस. त्यांचा कान जोरावर चालतो."

माझ्या बोलण्याची दुरुस्ती या एका वाक्यापासून सुरू झाली. शब्दसंग्रह वाढवण्याची पुस्तके मी बाजूला ठेवली आणि ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे अशा माणसांचे व्हिडिओ लावून, त्यांच्या पाठोपाठ, त्यांच्याच लयीत बोलण्याचा सराव सुरू केला. या पद्धतीला शॅडोइंग म्हणतात. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ती वापरली जाते आणि अलेक्झांडर आर्ग्वेलेस या अमेरिकन बहुभाषकामुळे ती स्वतः भाषा शिकणाऱ्यांमध्ये रुळली. नाव नवीन असले तरी आपल्याला ती परकी नाही. गणपतीत आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली आपल्यापैकी किती जण पुस्तकातून शिकले असतील? मोठ्यांच्या आवाजामागे अर्धा क्षण राहून आपण ती म्हणत गेलो, आणि अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी कुठे थांबायचे, कुठे स्वर लांबवायचा, हे जिभेवर बसले. इंग्रजीचा सूर पकडण्यासाठीही नेमके हेच करायचे आहे.

नवीन माणसाची पहिली चूक होते ती व्हिडिओच्या लांबीत. मीही सुरुवातीला वीस मिनिटांची भाषणे लावत असे, आणि शेवटी घसा दुखण्यापलीकडे काही हाती लागत नसे. नंतर मी फक्त तीस सेकंदांचा तुकडा घेऊ लागले आणि तोच आठवडाभर चालवू लागले. पहिल्या दिवशी तो नुसता ऐकायचा. हे काम मी ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये इअरफोन लावून करत असे, कारण गर्दीत मोठ्याने बोलणे शक्य नसते, पण ऐकण्याला कोणाची हरकत नसते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यानंतर व्हिडिओ थांबवून ते म्हणायचे. तिसऱ्या दिवसापासून न थांबवता, बोलणाऱ्याच्या किंचित मागे राहून, रात्री इमारतीच्या गच्चीवर मोठ्याने म्हणायचे. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो, त्याचा पहिले दोन दिवस उपयोग होतो; पुढे मात्र मूळ वेगावर यावे, कारण फार संथ केले की ज्या लयीसाठी हा खटाटोप चालला आहे तीच बिघडते.

ही लय म्हणजे काय, ते एका वाक्यावरून सांगते. स्वयंपाकाच्या व्हिडिओत 'लेट इट सिट फॉर अ कपल ऑफ मिनिट्स' असे वाक्य सहज येते. मराठीत आपण प्रत्येक अक्षर त्याच्या मापाने पूर्ण उच्चारतो, म्हणून हे आठ शब्दही आपण एकाच वजनाने मांडतो. इंग्रजी माणूस मात्र 'सिट', 'कपल'मधला 'क' आणि 'मिनिट्स'मधला 'मि' एवढ्या तीनच ठिकाणी जोर देतो आणि बाकीचे शब्द त्यांच्यामध्ये दाबून बसवतो. ऐकू येते ते साधारण 'लेटिट् सिट फरकपलव्ह मिनिट्स' असे. 'फॉर'चा 'फर' होतो, 'ऑफ'चा नुसता 'अव्ह' उरतो. मी मांडीवर तीन टाळ्या देत हे वाक्य म्हणत असे, आणि टाळीच्या जागा पक्क्या झाल्या की मधले शब्द आपोआप आखडत. एकेका शब्दाच्या आतही हाच नियम लागतो. आपण सपाट 'डेव्हलपमेंट' म्हणतो, तिथे ते 'व्हे'वर जोर देऊन 'डिव्हेलपमंट' म्हणतात. 'कम्फर्टेबल'मधला 'टेबल' तर त्यांच्या तोंडी जवळजवळ नाहीसाच होतो. एखाद्या शब्दाची शंका आली तर यूग्लिश या संकेतस्थळावर तो शब्द टाकावा. अनेक व्हिडिओंमधली तो उच्चारला गेलेली नेमकी जागा तिथे ऐकायला मिळते.

उच्चारांत आपल्या लिपीनेच घातलेला एक घोळ मला फार उशिरा उमगला. आपण 'व्हॅन', 'व्हिडिओ' असे लिहितो, म्हणून त्यात 'ह' मिसळून बोलतो. इंग्रजीतल्या या ध्वनीत 'ह' नाही. वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून हवा घासत बाहेर सोडली की तो तयार होतो. 'वेस्ट'मधला ध्वनी याच्या उलट आहे: त्यात दातांचा संबंधच नाही, ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे गोल करून सोडायचे. आरशासमोर उभे राहिल्याशिवाय हा फरक साधत नाही. दुसरी गंमत 'प'ची. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'पान' म्हणा, पट्टी जवळजवळ स्थिर राहते. इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'प' असा उच्चारतो की ती पट्टी हलते. 'पेन', 'पेपर' म्हणताना पट्टी हलेपर्यंत मी सराव केला, आणि त्यानंतर फोनवर 'पी' आणि 'बी' यांची गल्लत होणे बरेच कमी झाले.

व्हिडिओ कोणाचा निवडावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. वृत्तनिवेदकाची नक्कल करू नये, कारण तसे कोणी घरात किंवा कार्यालयात बोलत नाही. पाठ केलेल्या भाषणांपेक्षा मुलाखती बऱ्या, आणि त्याहून बरे ते हाताने काहीतरी करत बोलणारे लोक: स्वयंपाक करणारे, सायकल दुरुस्त करणारे. त्यांची वाक्ये छोटी असतात आणि ते स्वाभाविकपणे अडखळतातही. अगदीच सुरुवात असेल तर बीबीसी लर्निंग इंग्लिशचे व्हिडिओ घ्यावेत. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटल्सवर विसंबू नये, त्या चुकतात. ब्रिटिश की अमेरिकन, हे आपल्या कामावरून ठरवावे आणि निदान सहा महिने एकाच बाजूला राहावे.

स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकणे हा यातला सर्वांत नकोसा वाटणारा भाग आहे, आणि तोच मी कधी चुकवला नाही. बोलताना आपल्याला आपली चूक ऐकू येत नाही. दहा मिनिटांनी ऐकताना ती लख्ख कळते. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला कित्येक आठवडे एकच गोष्ट सापडत असे: वाक्याच्या शेवटी माझा आवाज विझत असे, आणि महत्त्वाचा शब्द बहुधा तिथेच असे.

मात्र नुसत्या नकलेने बोलता येत नाही, हे मला तीन महिन्यांनी कळले. व्हिडिओतली वाक्ये अस्खलित येत होती आणि ग्राहकासमोर मात्र जीभ जुन्याच वळणावर जात होती. तेव्हापासून आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत मी त्या तुकड्यातली चाल तशीच ठेवून त्यात माझे शब्द घालू लागले. 'लेट इट सिट'च्या चालीवर 'लेट इट रन फॉर अ कपल ऑफ आवर्स' असे कामातले वाक्य बसवायचे, आणि सोमवारी पहिल्या योग्य कॉलवर ते वापरायचे. अशी जमलेली वाक्ये मी एका वहीत, जोराच्या अक्षराखाली रेघ मारून लिहीत गेले. त्या वहीच्या पहिल्या पानावर 'थर्टीन' आहे, 'टीन'खाली दोन रेघा ओढलेले. आजही आकडा सांगताना मी तो जोर देऊन म्हणते आणि लगेच 'वन, थ्री' असे सुटे आकडेही सांगते.