कॉलेज बास्केटबॉल: संघ निवडताना या चुका टाळा

मार्च लागला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये ब्रॅकेट, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या स्पर्धेत कुठला सामना कोण जिंकेल याच्या अंदाजाचा तक्ता, भरायची धांदल सुरू होते. तिथली आपली मराठी मंडळीही हौसेने भरतात, आणि बरेच जण एकाच जागी चुकतात: कॉलेजने यंदा कुठला नवा खेळाडू घेतलाय ते बघून संघ निवडतात.

गाजलेला मुलगा आला म्हणजे संघ तरला, असं धरू नका. मार्केल फुल्ट्झ 2017 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्याच क्रमांकावर गेला. त्याच हंगामात त्याचा वॉशिंग्टन विद्यापीठाचा संघ 9 सामने जिंकला आणि 22 हरला.

म्हणून दुसरं टोकही गाठू नका. पोरं कोवळी आहेत एवढ्यावर संघ बाद करणं चूकच. 2015 च्या अंतिम सामन्यात ड्यूकच्या टायस जोन्सने 23 आणि ग्रेसन ॲलनने 16 गुण केले. दोघंही पहिल्या वर्षाची मुलं. मात्र त्या संघात क्विन कुक होता, आणि 2012 च्या विजेत्या केंटकीत डेरियस मिलर. दोघंही सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे. मी संघाची यादी हातात घेतली की असं नाव आधी शोधतो.

खरी गोम अनुभव मोजण्यात आहे. नुसती वर्षं मोजू नका; शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात असतो ते बघा. 2025 च्या उपांत्य सामन्यात कूपर फ्लॅगच्या ड्यूककडे 35 सेकंद उरली असताना सहा गुणांची आघाडी होती. ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पने तीन गुणांचा बास्केट मारला. पाठोपाठ ड्यूकने चेंडू आत टाकतानाच गमावला. मग ड्यूकच्याच टायरीस प्रॉक्टरचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) हुकला, आणि तो तर तिसऱ्या वर्षाचा! रीबाउंडला, म्हणजे तो परतलेला चेंडू पकडताना, ड्यूककडून फाउल झाला, आणि ह्यूस्टनमध्येच वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या जेवॉन रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो शांतपणे टाकले. ह्यूस्टन 70, ड्यूक 67. ही पडझड मला आजही चटका लावते. म्हणून ब्रॅकेट भरण्याआधी फेब्रुवारीतल्या दोन-तीन अटीतटीच्या सामन्यांची शेवटची पाच मिनिटं जरूर बघा.

आणखी एक. अनुभवी म्हणजे त्याच कॉलेजात मुरलेला, हा हिशेब आता चालत नाही. कॉलेज पहिल्यांदा बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट 2021 मध्ये गेली, त्यामुळे प्रशिक्षक तयार सीनियरच आणतात. फ्लोरिडाचे वॉल्टर क्लेटन, अलाइजा मार्टिन आणि विल रिचर्ड तिघंही दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. उपांत्य फेरीनंतर दोनच दिवसांनी, अंतिम सामन्यात, त्यांची गाठ याच ह्यूस्टनशी पडली. क्लेटनला पूर्वार्धात एकही गुण मिळाला नव्हता, उत्तरार्धात संघ 12 गुणांनी मागे पडला, तरी फ्लोरिडाने 65-63 अशी आघाडी घेतली. शेवटच्या क्षणी शार्प शॉटसाठी उडाला तोच क्लेटन अंगावर धावून आला. शार्पने चेंडू खाली सोडला, आणि ह्यूस्टनला शॉटच घेता आला नाही.