रातकिडे आठवड्यात मरतात? आधी डबा बघा

लेपर्ड गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन असे सरडे पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमी असते, सरड्याला खायला म्हणून शंभर जिवंत रातकिडे आणले आणि आठवड्यात निम्मे मेले. माझंही सुरुवातीला तेच व्हायचं. मला वाटायचं खाणं कमी पडतंय म्हणून मी अजून टाकायचो, ते सडायचं आणि अजून मरायचे. खरं कारण ओल असते. डबा कोंदट झाला, तळाला विष्ठा भिजली, वास यायला लागला की रातकिडे पटापट जातात. कोरडं आणि हवेशीर, एवढं जमलं की अर्धं काम झालं.

डबा उंच घ्या, साधारण 40 सेंमी तरी, आणि आतून गुळगुळीत प्लास्टिकचा, कारण गुळगुळीत भिंतीवर त्यांना चढता येत नाही. झाकणाचा मोठा भाग कापून तिथे बारीक धातूची जाळी चिकटवा. नायलॉनची लावू नका, कुरतडून बाहेर येतात आणि मग रात्रभर कपाटामागून किरकिर ऐकत बसा. तळाला माती, भुसा काही नको, मोकळा तळ साफ करायला सोपा जातो.

आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवा, पण उभे. आडवे ठेवले की विष्ठा खळग्यात साचते, उभे ठेवले की खाली पडते, आणि लपायला जागाही भरपूर मिळते. गर्दी झाली की एकमेकांना खातात, म्हणून ट्रेमध्ये काटकसर नको.

तापमान 24 ते 30 अंश सेल्सिअस ठीक आहे. उष्ण ठेवले तर लवकर वाढतात पण लवकर म्हातारेही होतात, त्यामुळे नुसते साठवायचे असतील तर 24 च्या आसपास बरं. आणखी एक, शेवटची कात टाकल्यावर म्हणजे पूर्ण पंख आल्यावर ते साधारण दोन-तीन आठवडेच जगतात. म्हणून आणताना पंख नसलेले मध्यम आकाराचे निवडा. किरकिर ऐकू येत असेल तर ते मोठे झालेले नर आहेत, ते थोड्याच दिवसांचे सोबती, तुमची चूक नसतानाही मरणार.

पाणी वाटीत देऊ नका, बुडतात. वॉटर जेल (पाणी धरून ठेवणारी जेली) किंवा गाजराची, बटाट्याची चकती पुरते, फक्त रोज बदला, बुरशी दिसायची वाट बघू नका. भाजी नीट धुऊन द्या कारण कीटकनाशक हे कीटकांना मारण्यासाठीच असतं. त्याच कारणाने त्या खोलीत डासांचा स्प्रे, कॉइल काहीच नको.

सुक्या खाण्यात दळलेले ओट्स आणि त्यात थोडं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य किंवा फिश फ्लेक्स, उथळ झाकणात, पाण्याच्या सोयीपासून लांब. प्रोटीन कमी पडलं की कात टाकलेल्या पांढऱ्या मऊ रातकिड्यांवर बाकीचे तुटून पडतात. पांढरा रातकिडा आजारी नसतो, काही तासांत पुन्हा रंग येतो त्याला.

आता ज्यासाठी हे सगळं करतोय ते. रातकिड्याच्या पोटात जे असतं तेच तुमच्या सरड्याच्या पोटात जातं, उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. म्हणून द्यायच्या आधी 24 ते 48 तास त्यांना गाजर, रताळं, हिरवा पाला असं चांगलं खायला घाला, याला गट लोडिंग म्हणतात. पालक मात्र टाळा, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. रातकिड्यात मुळातच फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी, त्यामुळे वरून कॅल्शियम पावडर लागतेच. पिशवीत थोडी पावडर, त्यात रातकिडे, हलक्या हाताने हलवा आणि लगेच खायला द्या, उशीर केला की ते अंग साफ करून पावडर काढून टाकतात. हे मनापासून सांगतोय, कॅल्शियम कमी पडून हाडं वाकलेला सरडा पुन्हा सरळ होत नाही.

रातकिडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि न खाल्लेले रात्री आत सोडू नका, झोपलेल्या सरड्याला ते चावतात, शेपटीची, बोटांची कातडी खातात.

मेलेले रोज उचला. आठवड्यातून एकदा ट्रे दुसऱ्या डब्यात झटकून हा डबा गरम पाण्याने धुवा, सुगंधी क्लीनर नको, पूर्ण वाळल्यावरच परत वापरा. भिजलेले, घाण झालेले ट्रे फेकून द्या. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा.

सगळं नीट असूनही रातकिडे उताणे पडून पाय हलवत घोळक्याने मरायला लागले तर डेन्सोव्हायरस या रातकिड्यांच्या विषाणूची शंका घ्या. या घरगुती रातकिड्यांच्या जातीला, म्हणजे अकेटा डोमेस्टिकसला, तो फार लागतो आणि त्यावर औषध नाही. उरलेले ठेवण्यात अर्थ नाही, ट्रेसकट सगळं काढून टाका, डबा ब्लीचने धुऊन खळखळून काढा, आणि पुढच्या वेळी बँडेड रातकिडे, म्हणजे दुसऱ्या जातीचे, आणा, त्यांना हा विषाणू तितका त्रास देत नाही.