‘गतिरोधक टाका’ म्हणण्याआधी: अपघाताची जागा ब्लॅक स्पॉटच्या यादीत कशी आणायची

फाट्यावर माणूस गेला की दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होतो. तहसीलदार येतात, उपअभियंता निवेदन घेतात आणि आठवडाभरात रस्त्यावर डांबराचा एक उंचवटा पडतो. त्याच्या आधी फलक नाही, वर पांढरे पट्टे नाहीत. मग रात्री मोटरसायकलवाला त्याच्यावरूनच उडतो. मागणी मान्य झाली, पण जागा होती तशीच राहिली.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, २०२३ मध्ये १,७२,८९०. महाराष्ट्रात २०२२ चा आकडा १५,२२४ होता, म्हणजे उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर तिसरा. हे कमी करायची सरकारी यंत्रणा कागदावर बरीच नीट आहे. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रस्ता सुरक्षेसाठी समिती नेमली. ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या नेमणे आणि ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघात होणाऱ्या जागा) शोधून दुरुस्त करणे राज्यांवर बंधनकारक झाले. मात्र ही यंत्रणा हलते ती आकड्यांवर आणि किलोमीटर क्रमांकावर. निवेदनात ‘अनेक निष्पाप बळी’ असे लिहिले तर तिच्या हाताला काहीच लागत नाही.

व्याख्या आधी पाठ करा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या निकषानुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या ३ कॅलेंडर वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील, किंवा मिळून १० मृत्यू झाले असतील, तर ती जागा ब्लॅक स्पॉट. दोन्हींपैकी एक अट पुरते. अनेक अर्जदार १० मृत्यू भरत नाहीत म्हणून गप्प बसतात आणि त्यांच्याकडे ५ गंभीर अपघात केव्हाच भरलेले असतात.

जागा यादीतून निसटते ती दोन ठिकाणी. पहिले, नाव. एक अपघात ‘अमुक फाटा’ म्हणून नोंदला जातो, दुसरा ‘अमुक ओढ्याचा पूल’ म्हणून, तिसरा नुसता ‘गावच्या शिवारात’. तिन्ही जागा ३०० मीटरच्या आत, पण यादीत तीन वेगळ्या नोंदी. दुसरे, दुखापतीची श्रेणी. हाड मोडले की कायद्याने ती गंभीर दुखापत. पण फिर्याद त्याच रात्री लिहिली जाते, एक्स-रे दुसऱ्या दिवशी निघतो आणि नोंद ‘किरकोळ’ राहून जाते. तसेच, जखमी माणूस दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात दहा दिवसांनी मरण पावला तर तो याच अपघाताचा मृत्यू धरायचा असतो (३० दिवसांपर्यंत). दवाखान्याकडची अकस्मात मृत्यूची नोंद मूळ ठाण्यात येऊन जुळली का, हे विचारावे लागते.

रस्ता कुणाचा आणि किलोमीटर किती

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिना-दोन महिने फिरत राहतो. किलोमीटरचा दगड बघा: पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग. राज्य मार्ग आणि प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामीण मार्ग सहसा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग असला तरी तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे (एनएचएआय) आहे की बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, हे वेगळे विचारा. टोलनाका असेल तर तिथे लगेच कळते.

मग साखळी क्रमांक. ४२ च्या दगडापासून ४३ कडे ६०० मीटर गेल्यावर फाटा असेल तर तो ‘कि.मी. ४२/६००’. दगडांच्या मधे २०० मीटरचे छोटे दगड असतात, पण बरेचसे गवतात बुडालेले सापडतात. मोबाइलवर अक्षांश-रेखांशही टिपा. पोलिस आता अपघातांच्या ऑनलाइन नोंदीच्या आयरॅड/ई-डार प्रणालीत अपघाताची जागा जीपीएसने भरतात. तुमचा बिंदू आणि त्यांचा बिंदू जुळला की वाद मिटतो.

नोंदी मागवताना

माहितीचा अधिकार, जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकारी म्हणून संबंधित पोलीस ठाणे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून पाल्हाळ नको. एफआयआरच्या प्रती मागितल्या की तपास सुरू आहे, खासगी माहिती आहे अशी कारणे येतात. त्यापेक्षा नावे वगळून तक्ता मागा:

‘कि.मी. ४२/००० ते ४३/५०० या लांबीतील मागील पूर्ण ३ कॅलेंडर वर्षांतील सर्व अपघात: गुन्हा रजि. क्र., दिनांक, वेळ, कलमे, ठिकाणाचे वर्णन, वाहनांचे प्रकार, मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी. व्यक्तींची नावे नकोत.’

लांबी मुद्दाम ५०० मीटरपेक्षा जास्त मागितली आहे. नोंदींत जागा मागेपुढे लिहिलेली असते. सगळे हातात आल्यावर कोणत्या ५०० मीटरमध्ये जास्त बसतात ते आपण ठरवायचे. कलमांवरून तीव्रता कळते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांत भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) ३०४-अ म्हणजे मृत्यू, ३३८ म्हणजे गंभीर दुखापत. त्यानंतरच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची कलमे १०६ (मृत्यू) आणि १२५(ब) (गंभीर दुखापत) बघा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील.

अपघातांचे चित्र

खरे काम इथे आहे. मोठ्या कागदावर फाटा काढा: मुख्य रस्ता, जोडरस्ता, दुभाजकातली फट, बसथांबा, मोरी, झाडे, टपऱ्या. प्रत्येक अपघात बाणांनी दाखवा, कोण कुठून येत होते आणि कुठे आदळले. बाणाशेजारी वेळ लिहा. मृत्यूला लाल, गंभीर जखमीला निळा रंग.

सात-आठ बाण पडले की नमुना दिसू लागतो. एफआयआर बहुधा प्रत्येक अपघाताला एकच कारण देते: ‘भरधाव वेगात, हयगयीने’. ते वाक्य गुन्ह्यापुरते आहे, रस्त्याबद्दल ते काहीच सांगत नाही. सात वेगवेगळे चालक एकाच जागी, एकाच दिशेने, एकाच प्रकारे चुकत असतील तर चूक त्या जागेत शोधायची.

जागेवरची मोजणी

वेग मोजायला १०० मीटरवर दोन खुणा करा (टेपने, पावलांनी नको). बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि गाडीचे पुढचे चाक खुणांवरून जाण्यातले सेकंद मोजा. ३६० भागिले सेकंद म्हणजे ताशी किलोमीटर: ६ सेकंद म्हणजे ६०, ४.५ म्हणजे ८०, ३.६ म्हणजे १००. मोकळ्या रहदारीत १०० गाड्या मोजा, वेगाच्या चढत्या क्रमाने लावा, ८५ वी गाडी बघा. रस्ते अभियंते याच आकड्याने विचार करतात. सरासरी देऊ नका. उसाच्या ट्रॉलीमागे रांगेने चाललेल्या गाड्याही मोजू नका, वेग खोटा कमी दिसतो.

आता दिसण्याचे अंतर. जोडरस्त्यावर, मुख्य रस्त्याच्या कडेपासून १५ मीटर मागे थांबा आणि डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर येतील इतके वाका; कारचालकाची नजर साधारण तिथे असते. मुख्य रस्त्यावरची गाडी दिसल्यापासून तोंडाशी येईपर्यंत किती सेकंद लागतात? ८ हवेत. ताशी ८० ला हे अंतर सुमारे १८० मीटर होते, १०० ला २२० मीटर. चार-पाच सेकंदच मिळत असतील तर आड काय येते ते लिहा. बाभूळ, फ्लेक्स, पानटपरी, उभे ट्रक. ऊस असेल तर मोजणी ऑक्टोबरमध्ये करा. तोड झाल्यावर मोजलीत तर सगळे मोकळे दिसते आणि अधिकारीही तेव्हाच पाहणीला येतात.

मुख्य रस्त्यावरच्या चालकासाठी वेगळा हिशेब: ताशी ८० वर धोका दिसून गाडी थांबेपर्यंत १२० मीटर लागतात, ६० वर ८०. वळणाआड किंवा चढाच्या माथ्यापलीकडे फाटा १२० मीटरच्या आत उगवत असेल तर ८० ने येणाऱ्याला तिथे थांबणे शक्यच नाही.

माणसे रस्ता ओलांडताना मरत असतील तर तासाला ओलांडणारी माणसे (पी) आणि वाहने (व्ही) मोजा, शाळा सुटण्याच्या आणि बाजाराच्या वेळी. पी गुणिले व्हीचा वर्ग १० कोटींच्या वर गेला तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आखीव ओलांडणीची गरज धरतात. तासाला १०० माणसे आणि १,००० वाहने झाली की तिथे पोचलो.

शेवटी रात्री एकदा जा, शक्यतो अमावास्येला, गाडीचा दिवा खाली ठेवून. दुभाजकाचे टोक, मोरीचा कठडा, साइडपट्टीची खचलेली कड. दिवसा निरुपद्रवी वाटणाऱ्या या तीन गोष्टी रात्री दिसेनाशा होतात.

उपाय नमुन्याला जुळला पाहिजे

काटकोनातल्या धडका असतील तर गतिरोधक मुख्य रस्त्यावर नको, जोडरस्त्यावर हवा. तोही प्रमाणातला: भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा; त्यावरून २५ च्या वेगाने सुखाने जाता येते. आपल्याकडे दिसणारे फूटभर रुंदीचे टेंगूळ यात बसत नाही. सोबत लाल अष्टकोनी ‘थांबा’ फलक, थांबरेषा आणि झाडी-टपऱ्यांची सफाई. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधकाची मागणी केलीत तर धोरणाकडे बोट दाखवून अर्ज निकाली निघतो. तिथे आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचे रम्बलर, वेगमर्यादेचे फलक, ब्लिंकर मागा.

मागून धडका रात्रीच्या असतील तर उभ्या वाहनांकडे बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. तिथे सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी जागोजागचे धोके शोधून दुरुस्त केले, त्यात कडेला उभे ट्रक आणि उघडे काँक्रीटचे खांब होते. पुढे आकडा शंभराच्या खाली आला. गावच्या पातळीवर हेच म्हणजे ढाब्यासमोरचे ट्रक हटवणे आणि साखर कारखान्याच्या गेटवर ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर न घेणे.

गाडी एकटीच वळणावर बाहेर जात असेल तर बाणाचे फलक, कॅट-आय (रस्त्यात बसवलेले, रात्री चमकणारे परावर्तक), काठाची पांढरी रेघ आणि साइडपट्टीचा भराव. गार्डरेल (कडेचा लोखंडी कठडा) सगळ्यात शेवटी. चुकीच्या टोकाने सुरू होणारी गार्डरेल कारमध्ये भाल्यासारखी घुसते. दुभाजकातली फट ढाबेवाल्याने किंवा पेट्रोलपंपासाठी फोडलेली असेल तर ती बंद करायची, पण ओलांडायला जवळ पर्याय न देता बंद केली की लोक उलट दिशेने येऊ लागतात आणि समोरासमोरच्या धडका सुरू होतात.

अर्ज

एकच अर्ज तिघांना: रस्त्याचे कार्यकारी अभियंता, जिल्हाधिकारी (जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून) आणि पोलीस अधीक्षक, प्रत उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मजकूर एका पानात:

‘विषय: रा.मा. क्र. …, कि.मी. ४२/४०० ते ४२/९०० ही लांबी ब्लॅक स्पॉट घोषित करून उपाययोजना करणेबाबत.
महोदय, वरील ५०० मीटर लांबीत मागील ३ कॅलेंडर वर्षांत मृत्यू/गंभीर दुखापतीचे ७ अपघात झाले असून (गु.र.क्र. सोबत), त्यांपैकी ५ अपघात जोडरस्त्यावरून येणाऱ्या वाहनास उजवीकडून बसलेल्या धडकेचे आहेत. ८५ व्या क्रमांकाच्या वाहनाचा वेग ताशी ७८ कि.मी. असून जोडरस्त्यावरून उजवीकडे ४ सेकंदांचेच दृश्य अंतर मिळते.
अ) तातडीचे उपाय: …
ब) दीर्घकालीन उपाय: …
विषय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.’

‘अ’ आणि ‘ब’ वेगळे ठेवण्याला कारण आहे. फलक, पट्टे, कॅट-आय, फट बंद करणे ही कामे देखभालीच्या पैशातून निघू शकतात. भुयारी मार्ग, सेवा रस्ता यांना सर्वेक्षण, प्रकल्प अहवाल, भूसंपादन लागते. दोन्ही एकाच वाक्यात मागितलेत तर ‘भुयारी मार्गाचा प्रस्ताव पाठवला आहे’ असे उत्तर येते आणि पुढची काही वर्षे साधा पट्टाही पडत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रचना व देखभालीची मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित प्राधिकरणाला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या अर्जात ते लिहू नका. अभियंता बचावात जातो. दुसऱ्या स्मरणपत्रात लिहा.

काम झाल्यावर

बैठकीचे इतिवृत्त मागवून घ्या आणि काम झाले की तेच चित्र घेऊन पुन्हा जागेवर जा. फलक झाडामागे लागला आहे का, थांबरेषा जोडरस्त्याच्या पूर्ण रुंदीत आहे का, कॅट-आय रात्री चमकतात का. पट्टे थर्मोप्लास्टिकचे आहेत की साध्या रंगाचे, हे नखाने खरवडून कळते. साधा रंग एका पावसाळ्यात जातो. नवे डांबर टाकले की जुने पट्टे आणि कॅट-आय खाली गाडले जातात आणि ते परत लावायचे काम त्या ठेक्यात बऱ्याचदा नसते. डांबरीकरणाचा फलक दिसला की अभियंत्याला तेव्हाच पत्र द्या. १०० गाड्यांची मोजणी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा करा. ७८ चे ७५ झाले असतील तर रम्बलर दाखवण्यापुरतेच आहेत, आणि पुढच्या बैठकीला तोच आकडा न्यायचा.