नेट आहे, पण साइट उघडत नाही

पावसाळ्यात मालवणात वीज कडाडून लाइट जाऊन आली, की दुसऱ्या दिवशी दुकानात जुने कॉम्प्युटर येतात. "नेट चालत नाही, फॉरमॅट मारून द्या." अहो, फॉरमॅटमध्ये लेकीच्या लग्नाचे फोटो गेले तर कुठून आणायचे? आधी घरीच एवढं बघा.

मोबाइलचा डेटा बंद करून घरच्या वायफायवर साइट उघडते का? तिथेही अडलं तर राउटर मिनिटभर बंद ठेवून चालू करा. फक्त कॉम्प्युटरच अडत असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. काळ्या खिडकीत इंग्रजीतून पिंग, स्पेस, ८.८.८.८ (गूगलच्या सर्व्हरचा आकडी पत्ता) टाका. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर लाइन किंवा केबल बघा. आपल्या खाऱ्या हवेत लॅन केबलच्या टोकाच्या बारीक पिना हिरव्या पडतात. नवीन कनेक्टर लावून घ्या, स्वस्तात काम होतं.

'रिप्लाय फ्रॉम ८.८.८.८' आलं तर लाइन ठणठणीत आहे. आता आकड्यांऐवजी गूगल डॉट कॉम पिंग करा. 'कुड नॉट फाइंड होस्ट' आलं, तर दुखणं डीएनएसचं: साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता मिळत नाहीये.

आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ (/) आणि लगेच फ्लशडीएनएस टाका. साठलेले जुने पत्ते पुसले जातात. तरी नाही? विंडोजचं बटण आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल लिहा. चालू कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. तिथे खालच्या, डीएनएसच्या भागात पुष्कळदा आधीच्या केबलवाल्याचे आकडे तसेच राहिलेले असतात. कनेक्शन बदललं, आकडे कुणी बदललेच नाहीत! ते कागदावर उतरवून ठेवा आणि 'ऑटोमॅटिकली' निवडा. त्यानेही जमलं नाही तर ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. वरच्या भागाला मात्र हात लावू नका.

साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा तारीख-वेळ सांभाळणारा सीआर २०३२ सेल संपलाय, डीएनएसचा काही संबंध नाही.

आणि एकच साइट, त्यातही बँकेची, अडत असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जाऊन होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरवरच लिहिलेली साइटच्या पत्त्यांची यादी) नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला # नसलेल्या ओळीत बँकेचं नाव दिसलं, तर तिथे पासवर्ड टाकू नका. आधी अँटिव्हायरस चालवा, मग ती ओळ काढा.