घनता आणि उष्णतेच्या धड्यातल्या या चुका टाळा (दरवर्षी त्याच!)

आठवी-नववीच्या विज्ञानाचे पेपर तपासायला घेतले की पहिल्या गठ्ठ्यातच कळतं, यंदाही तेच. व्याख्या पाठ, सूत्र पाठ, आणि आलेलं उत्तर शक्य तरी आहे का याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते दगडाच्या घनतेवरून. प्रयोग किती सोपा! दगडाचं वस्तुमान मोजा, खुणा असलेल्या मोजसिलिंडरमध्ये पाणी घ्या, दोऱ्याला बांधून दगड आत सोडा, पातळी किती वाढली ते बघा. एका बॅचला मी साधा काळा दगड दिलेला, आपल्याकडे जिकडेतिकडे मिळतो तो बसाल्ट, 58 ग्रॅमचा. पाणी 40 मिलीवर होतं, दगड सोडल्यावर 60 वर गेलं. म्हणजे आकारमान 20 घनसेंमी, आणि घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, 58 भागिले 20, 2.9 ग्रॅम प्रति घनसेंमी. पण एका हुशाराने 58 ला थेट 60 ने भागलं, 0.97 आलं, आणि अख्ख्या बाकाने ते जर्नलमध्ये उतरवून घेतलं, एकक-बिकक लिहून, खाली पट्टीने रेघ मारून. आता पाण्याची घनता 1, 0.97 म्हणजे त्यापेक्षा कमी, म्हणजे दगड तरंगायला पाहिजे, आणि हा गडी समोर तळाशी जाऊन बसलाय. मी विचारलं, "अरे, हा तरंगतोय का?" तर मागून आवाज, "मॅडम, दोरा बांधलाय ना म्हणून." दोरा वरून धरलेला, तो काय दगडाला खाली ओढणारे का!

म्हणून माझ्याकडे आता नियम आहे, कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी पेन्सिलने लिहायचं, घनता 1 पेक्षा जास्त येणार की कमी. बुडतंय तर जास्त, तरंगतंय तर कमी. मुलं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात, जाऊदे. आणि दगड आधी कोरडा असताना मोजा, पाण्यातून काढून ओलाच्या ओला तराजूवर ठेवू नका. सिलिंडर हातात धरून वरून डोकावूनही वाचू नका, टेबलावर ठेवा, डोळे पातळीला आणा आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग वाचा.

एककांचं रडगाणं वेगळंच. 1 ग्रॅम प्रति घनसेंमी म्हणजे 1000 किलो प्रति घनमीटर. ट्रिकवाले व्हिडिओ बघून पॉइंट इकडून तिकडे सरकवायची सवय लागलीये, त्यात 1 चा 1 च राहतो, आणि मग गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणी 1 किलो भरतं. जा, उचलून आणा.

बाकीच्या चुका पटापट सांगते. खडू मोडून अर्धा केला तरी घनता अर्धी होत नाही. तापवल्यावर रेणू फुगत नाहीत, त्यांच्यातलं अंतर वाढतं. किटलीच्या तोंडाशी दिसतो तो पांढरा धूर वाफ नसतो, ते पाण्याचे बारीक थेंब असतात, खरी वाफ दिसतच नाही. गोधडी ऊब तयार करत नाही, तुमचीच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आणि घरातला तापाचा थर्मामीटर प्रयोगाला आणू नका, तो साधारण 35 ते 42 अंश एवढंच दाखवतो.

आता माझी दुसरी दुखरी नस. "लोखंड लाकडापेक्षा थंड असतं." पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे हेच सांगतात, पालकसुद्धा. डिसेंबरच्या सकाळी स्टीलचं ताट आणि पोळपाट एकाच ओट्यावर रात्रभर पडलेले असतात, दोघांचं तापमान सारखंच असतं. ताट गार लागतं कारण ते हाताची उष्णता भराभर ओढून घेतं, लाकूड दुर्वाहक, ते रेंगाळतं. पटत नसेल तर दोन्हीवर बर्फाचा सारखा-सारखा एकेक खडा ठेवा आणि आधी कोणता वितळेल यावर पैज लावा. वर्ग हमखास पोळपाट म्हणतो, थंड ताटावर बर्फ टिकेल असं त्यांचं गणित. पण ताटावरचा आधी पाणी होतो, कारण ताट बर्फाला उष्णता पटकन पोचवतं. हा प्रयोग नुसता फळ्यावर सांगू नका, करून दाखवा, मी सांगून सांगून दमले तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. मग उलटं विचारा, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत सीटबेल्टचं बक्कल चटका देतं आणि पट्टा का नाही? ज्याला ताट कळलं तो बक्कल स्वतःच सांगतो.

शेवटची उकळत्या पाण्याची. गॅस मोठा केला की पाणी आणखी तापतं असं आलेखात सरळ वर चढत जाणारी रेघ काढून दाखवतात. उघड्या पातेल्यात उकळी फुटली की तापमान 100 अंशाच्या आसपास अडकतं, पुढची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते, ग्रॅममागे 540 कॅलरी. आलेखात तिथे आडवी रेघच पाहिजे, ती नसेल तर मी मार्क कापते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते 120 च्या आसपास जातं, तो वेगळा मामला. घरी पातेल्यात बटाटे उकडताना उकळी आली की गॅस बारीक करून बघा, उकळी टिकली की झालं, बटाटे तेवढ्याच वेळात शिजतात आणि सिलिंडर जास्त दिवस पुरतो.