‘जरा जोरात रगडा’ म्हणण्याआधी: मालिश आणि स्पामधल्या या चुका टाळा

टेबलावर पालथं पडल्या पडल्या बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘जरा जोरात रगडा हं.’ दुखलं म्हणजे लागू पडलं, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. मालिशमुळे होणारे बरेचसे त्रास हिच्यातूनच येतात. उरलेले येतात ते मालिशला औषध समजण्यातून.

मालिशचा फायदा खोटा नाही. अंग सैलावतं, मन शांत होतं, अनेकांना त्या रात्री झोप चांगली लागते. मानेचं, कमरेचं जुनाट दुखणं काही दिवस तरी हलकं होतं. व्यायामानंतर अंग आंबतं तेही कमी होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक छोटा पण नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग एकाच पायाला १० मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश झालेल्या पायात दाहाच्या खुणा कमी दिसल्या. लॅक्टिक ॲसिडमध्ये मात्र फरक नव्हता. तेव्हा ‘मालिशने लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे वाक्य आता निवृत्त करायला हरकत नाही. ते व्यायामानंतर तासाभरात आपलं आपण निघून जातंच. ‘टॉक्सिन बाहेर पडतात’ हेही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना तेल लावता येत नाही.

जोर किती?

साधी खूण सांगतो. दाब देताना तुम्ही श्वास रोखून धरत असाल, दात आवळत असाल, तर तो दाब जास्त आहे. दुखायला लागलं की स्नायू स्वतःला वाचवायला आखडतो. म्हणजे जो सैल करायला गेलात तोच घट्ट होतो. ‘गोड दुखतंय’ इथपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं की लगेच सांगायचं. मालिश करणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणारी मंडळी आपल्यात फार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हलक्या दाबानेही काळेनिळे डाग उठतात, आणि हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांच्या पाठीवर कोपर टेकवणं म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. हे सगळं सुरू होण्याआधीच सांगायचं असतं, विचारायची वाट बघायची नाही.

मानेचा ‘कट्’ आवाज

केस कापून झाले, चंपी झाली. मग कारागीर एक हात हनुवटीखाली घालतो, दुसरा डोक्यामागे टेकवतो, ‘मान सैल सोडा साहेब’ म्हणतो आणि एका झटक्यात मान फिरवतो. कट्. मग दुसरी बाजू. फार मोकळं वाटतं, यात शंका नाही. पण मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांमधून वर जातात. अचानक पिळा बसला तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. पार्लरच्या बेसिनवर मान बराच वेळ मागे ताणून ठेवल्यानेही असं होऊ शकतं. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं, आणि तेव्हापासून याला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ असं नावच पडलं.

हे क्वचित घडतं, मान्य. पण बदल्यात मिळतं काय, तर दोन मिनिटांचा मोकळेपणा. माझ्या मते हा सौदा कधीच फायद्याचा नाही. न्हाव्याला सरळ सांगा, ‘दादा, चंपी कर, मान मोडू नकोस.’ केस धुताना मानेखाली टॉवेलची जाड घडी ठेवायला सांगा. मसाज गन घेतली असेल तर ती गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर अजिबात चालवू नका.

उसण, मुरगळलेला पाय आणि सुजलेली पोटरी

कमरेत उसण भरली की घरात कुणीतरी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाचा शोध सुरू करतं. त्याने पाय लावला की उसण उतरते, असं म्हणतात. पाय हळूच टेकवला तर नुकसान नाही; उसण बहुतेकदा काही दिवसांत आपणहून जाते आणि श्रेय पायाळूला मिळतं. लाथ मारून घेतली तर मात्र प्रकरण वाढू शकतं. कमरेच्या दुखण्यासोबत पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर मालिश, शेक, पायाळू सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस चोळू नका. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, चोळल्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, थोडी विश्रांती आणि पाय उंच. चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे.

सगळ्यात धोक्याची चूक पोटरीची. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दाबली की दुखते. आणि नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा बसून प्रवास झाला आहे. अशा वेळी आत शिरेमध्ये रक्ताची गुठळी असू शकते. तेल लावून ती पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. दिल्लीतल्या एका २३ वर्षांच्या तरुणाची अशी केस एम्सच्या डॉक्टरांनी नोंदवली आहे. खेळताना घोटा दुखावला, प्लास्टर घातलं, ते निघाल्यावरही पाय दुखत राहिला. आईने मायेने तेल लावून पाय चोळला आणि मुलगा दगावला. त्या माउलीला दोष कसा द्यायचा? कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून हे घरोघरी सांगायला हवं.

पोटाचंही तसंच. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेतात. दुखणं उजव्या बाजूला खाली सरकत असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल तर ते अपेंडिक्सचं असू शकतं. तिथे हात लावायचा तो डॉक्टरांनीच.

बाळाची मालिश

सकाळचे दहा. मालिशवाल्या मावशी पाटावर पाय लांब करून बसतात, दोन्ही पायांच्या खळग्यात बाळ पालथं घालतात आणि कोमट खोबरेल तेलाचा हात पाठीवरून खाली येऊ लागतो. ही रीत छानच आहे. बाळाला स्पर्श मिळतो, झोप गाढ लागते. कमी दिवसांच्या बाळांचं वजन मालिशने बरं वाढतं, असंही अभ्यासांतून दिसलं आहे. आईलाही तासभर पाठ टेकायला मिळते.

गडबड सुरू होते ती मालिश ‘घडवण्या’त शिरते तेव्हा. नाक सरळ यावं म्हणून चिमटणं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, दोन पाय धरून उलटं लटकवणं, नाकात-कानात तेलाचे थेंब सोडणं. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नवजात बाळाची छाती थोडी फुगलेली असते, मुलगा असो की मुलगी. आईच्या संप्रेरकांमुळे तसं होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. ती पिळून ‘दूध काढणं’ ही तर ठार चूक, तिथे पू होतो. टाळूवर थोडं तेल लावायला हरकत नाही, पण टाळू तेलाने भरत नाही. ती साधारण दीड वर्षापर्यंत आपल्या वेळेने भरते. डाळीच्या पिठाने लव घासून काढू नका, तीही आपोआप जाते. मोहरीचं तेल बाळाच्या त्वचेचा बाहेरचा थर कमजोर करतं, त्यापेक्षा खोबरेल बरं. आणि शेगडीवर ओवा, वेखंड टाकून बंद खोलीत धुरी देणं: त्या धुराने इवल्या फुप्फुसांना त्रासच होतो.

आता यावर आजी म्हणणार, ‘आमची मुलं नाही का वाढली?’ वाढली. आजीशी वाद घालण्यापेक्षा मावशींनाच पहिल्या दिवशी प्रेमाने सांगावं, ‘मावशी, मालिश तुमच्या पद्धतीने करा, फक्त नाकात तेल नको आणि छातीला हात नको.’ दूध पाजल्या पाजल्या मालिश नको, आणि ताप असेल त्या दिवशी सुट्टी.

तेल, उटणं आणि वाग्भट

नरकचतुर्दशीच्या पहाटे तिळाचं तेल आणि उटणं लावून घेणारे आपण वर्षभर अंगाला तेल लावायला मात्र विसरतो. अभ्यंगाचे, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचे गोडवे गाताना वाग्भटांच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथाचा दाखला नेहमी दिला जातो: रोज अभ्यंग करावा, म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतो, डोकं, कान आणि पायांना विशेष करावा. पण लगेच पुढे वाग्भटांनी अभ्यंग कुणी टाळावा तेही सांगितलं आहे: कफाने ग्रासलेल्यांनी, नुकतंच शोधन (उलटी-जुलाबासारखे शरीर साफ करणारे उपचार) झालेल्यांनी आणि अजीर्ण झालेल्यांनी. हा भाग जाहिरातीत येत नाही. जेवल्यावर लगेच, सर्दी-तापात किंवा पोट बिघडलेलं असताना तेल लावू नये, हे आपल्या आज्याही सांगत आल्या.

डोक्यात खाज आणि तेलकट कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवून ठेवू नका. कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते. बदाम तेल किंवा सुगंधी तेल पहिल्यांदा वापरताना आदल्या दिवशी मनगटाच्या आत थोडं लावून बघा. अंगावर गजकर्ण, फोड किंवा उघडी जखम असेल तर मालिश पुढे ढकला. चोळल्याने संसर्ग पसरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही तो भेट मिळतो.

स्पात गेल्यावर

वाफेच्या पेटीत ‘अजून पाच मिनिटं’ करत बसू नका. १० ते १५ मिनिटं पुष्कळ झाली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना गरगरतं, दारू पिऊन आत बसणं तर वेडेपणाच. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत स्टीम, सॉना, गरम टब पूर्ण वर्ज्य, कारण आईच्या शरीराचं तापमान फार वाढलं तर बाळाच्या मज्जासंस्थेच्या घडणीत दोष येऊ शकतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी हॉट स्टोन (तापवलेल्या दगडांची मालिश) आणि गरम पाण्याचं टब दोन्ही टाळावं. भाजलेलं कळतच नाही आणि जखम महिनोन्‌महिने रेंगाळते. कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांनाही हेच लागू. उन्हवऱ्याला उगमाशी पाणी ७० अंशांच्या आसपास असतं, तिथे पाय टाकून बघायची हौस नको.

पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी पायांचे केस काढण्याची सवय अनेकींना असते, ती सोडा. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलमध्ये २००० साली एकाच पार्लरच्या १००हून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. जंतू निघाले फूटबाथच्या जाळीमागे साचलेल्या केसांत आणि कचऱ्यात, आणि पायांवर रेझर फिरवून आलेल्यांना धोका जास्त होता. मॉलमधला फिश स्पा, म्हणजे पाण्यातल्या छोट्या माशांकडून पायांची मेलेली कातडी काढून घेणं, तर मला कधीच पटलेला नाही. मासे जगायला हवेत म्हणून पाण्यात जंतुनाशक घालता येत नाही, आणि तेच मासे दिवसभर सगळ्यांच्या पायांना लागतात.

‘१० सिटिंगमध्ये पोट गायब’ असल्या पॅकेजवर पैसे घालवू नका. मालिशने चरबी वितळत नाही. १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे, म्हणजे औषधाने तो घालवण्याचे दावे जाहिरातीत करायला बंदी आहे. तरी बोर्ड झळकत असतात. तीन दिवसांचं ‘पंचकर्म’ही असंच. खऱ्या पंचकर्मात आधी वैद्य तपासतो, मग काही दिवस स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणं आणि घाम काढणं) चालतं आणि नंतर मुख्य कर्म. वैद्य भेटलाच नाही तर ती नुसती तेलमालिश समजा आणि तेवढेच पैसे द्या. दुखण्यासाठी जात असाल तर स्पाऐवजी नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडे जा.

नंतर त्रास झाला तर

एक-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं. गरम पाण्याने अंघोळ, थोडं चालणं, पुरे. टेबलावरून उठताना चक्कर आली तर बसून राहा, पाणी प्या, गाडी लगेच चालवू नका. तेलाने बारीक पुळ्या उठल्या तर साबणाने धुऊन काही दिवस तेल बंद. दुखणं तीन दिवसांनंतरही वाढतच असेल तर दाखवून घ्या.

लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, एक पाय सुजला, अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा मान अचानक जबरदस्त दुखून दोन-दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, तोल जाऊ लागला, तर घरगुती उपाय नाही. १०८ला फोन करा आणि मालिश केली होती हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.